दवाखान्यातून परतलेली मनी आणि घरी राहिलेला सोन्या: दोघांची पुन्हा गाठ कशी घालायची

ऑपरेशन करून आणलेल्या मनी मांजरीचं कॅरिअर (ने-आण करायची पिशवी) हॉलच्या मधोमध ठेवलं जातं. घरातले सगळे भोवती जमतात आणि कुणीतरी लाडाने झिप उघडतं. मनीची भूल अजून पुरती उतरलेली नाही. मागचे पाय लटपटताहेत, बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत. दिवाणाखालून सोन्या बाहेर येतो, मान लांब करून एकदा वास घेतो आणि तिथेच थबकतो. कान डोक्याला चिकटतात, शेपटी फुगते, घशातून फिस्स निघतं. काल रात्रीपर्यंत दोघं एकाच उशीवर झोपत होते.

‘अरे, आपली मनी आहे ती!’ असं घरचे त्याला समजावत राहतात. त्याच्या लेखी ती मनी नाहीच. मनीचं रूप घेऊन भलत्याच वासाचं कुणीतरी घरात शिरलंय. त्यामुळे पहिला नियम इथेच सांगून टाकतो: बाहेरून आलेल्या मांजराचं कॅरिअर हॉलमध्ये उघडायचं नाही. ते मांजर दोन तासांनी परत आलेलं असो की दोन महिन्यांनी, नियम बदलत नाही.

ओळख कशामुळे पुसते

मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली, कानशिलापाशी, शेपटीच्या मुळाशी आणि पंजाच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना डोकं घासतात, चाटतात, एकाच चादरीवर लोळतात. त्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. तो दाराच्या चौकटींना, सोफ्याच्या कोपऱ्यांना आणि तुमच्या पोटऱ्यांनाही लागलेला असतो. अंगाला हा वास असेल तो आपला, नसेल तो परका, इतका सरळ हिशेब.

दवाखान्यात या वासावर स्पिरिट, आयोडीन, हातमोज्यांचं रबर, जंतुनाशकाने पुसलेला पिंजरा आणि शेजारी भुंकणारा कुत्रा असे थर चढतात. नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात तर कुत्र्यांबरोबर गाई-शेळ्याही येतात. त्यात घाबरलेलं मांजर गुदग्रंथींतून उग्र वासाचा स्राव सोडतं. दुसऱ्या मांजराला त्यातून धोक्याचीच खबर मिळते. चालही बदललेली असते. भुलीतलं मांजर झोकांड्या खातं, टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर असते, पोटाचे केस काढलेले असतात, दुखत असल्यामुळे ते नेहमीसारखं उत्तर देत नाही. सोन्याने नाक पुढे केलं की एरवी मनी डोकं घासायची, आज ती आक्रसते. त्याचा संशय पक्का होतो.

दवाखान्याचा वास साधारण एक-दोन दिवसांत विरतो. पण त्या पहिल्या तासात कडाक्याचं भांडण झालं, तर त्याची भीती आठवडे, कधी महिने टिकते. मनीला सोन्या दिसला की मार आठवतो, सोन्याला मनी दिसली की ती किंकाळी आठवते. वास केव्हाच गेलेला असतो आणि वैर राहतं. खाली सांगितलेला सगळा खटाटोप ते पहिलं भांडण होऊ नये म्हणून आहे.

किती दिवस धरायचे

लसीकरणासाठी दोन-तीन तास बाहेर गेलेल्या मांजराला निदान एक रात्र वेगळं ठेवा. पुष्कळदा तेवढं पुरतं. नसबंदी किंवा भूल देऊन केलेलं कुठलंही काम असेल, तर टाके आणि जखमेमुळे 10 ते 14 दिवस उड्या-पळापळ बंदच असते. तेच दिवस पुन्हा ओळख करून देण्यात घालवा. घाई करून पाचव्या दिवशी एकत्र सोडण्यात काही मिळत नाही, उलट पाठलाग झाला तर टाके उसवतात.

दिवाळीत गावी जाताना बोर्डिंगमध्ये ठेवलेलं, उन्हाळाभर नातेवाइकांकडे राहिलेलं किंवा हरवून सापडलेलं मांजर नव्याने घरात आणतोय असंच समजा. एक ते तीन आठवडे धरा. हरवून सापडलेल्याला आधी डॉक्टरांना दाखवा. पिसवा, कानातला खरजेचा किडा, सर्दी, जुलाब आणि चावल्याच्या जखमा तपासून घ्या आणि मगच पुढच्या पायऱ्या सुरू करा. दोघांचं आधीपासूनच जेमतेम पटत असेल, तर कितीही थोडा वेळ ताटातूट झाली असली तरी मोठा कार्यक्रम धरायचा.

दोघांना एकदमच दवाखान्यात न्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. नुसती वार्षिक लस असेल आणि दोघंही प्रवासात फार घाबरत नसतील, तर जरूर न्या, पण दोन वेगळ्या कॅरिअरमध्ये. दोघांच्या अंगाला सारखाच वास लागतो आणि परकेपणाचा मुद्दा बराच सौम्य होतो. ऑपरेशनच्या दिवशी मात्र दुसऱ्याला सोबत नेऊ नका. त्यालाही भीती, उपास आणि उकाडा सोसावा लागतो आणि फायदा काहीच होत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी

कॅरिअर माळ्यावरून उतरवून 7 ते 10 दिवस आधीच हॉलच्या कोपऱ्यात उघडं ठेवा. आत मऊ सुती कापड आणि रोज चिमूटभर खाऊ. मांजर आपणहून आत जाऊन झोपू लागलं की अर्धी लढाई जिंकली, कारण कमी घाबरलेलं मांजर कमी उग्र वास घेऊन परत येतं. कॅरिअर वरून आणि समोरून दोन्हीकडून उघडणारं असेल तर फार बरं. घाबरलेल्या मांजराला ओढून काढावं लागत नाही.

आता कापडाची तयारी. जुनी सुती साडी किंवा धोतर घ्या, दोघं जिथे एकत्र झोपतात तिथे चार-पाच दिवस अंथरा, धुऊ नका. निघण्याच्या दिवशी त्याचे तीन तुकडे करा. एक जाताना कॅरिअरमध्ये. दुसरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत. तो परत येताना, दवाखान्यात मळलेला तुकडा काढून आत घालायचा. तिसराही तसाच बंद करून घरी ठेवायचा, मनीच्या खोलीसाठी. पाच मिनिटांचं काम आहे, पण आपल्या घराचा वास परत द्यायला यापेक्षा चांगलं काही नाही.

डॉक्टरांशी बोलताना दोन गोष्टी स्पष्ट विचारून ठेवा. मांजर पूर्ण शुद्धीवर आल्यावरच सोडणार ना? आणि प्लास्टिकच्या कॉलरऐवजी अंगाला घट्ट बसणारा कापडी सूट चालेल का? मांजर प्रवासात हमखास बिथरत असेल, तर निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टर लिहून देऊ शकतात. घरातली माणसांची गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

रस्ता आणि ऊन

एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सहानंतरच ये-जा करा. बेसा किंवा मनीषनगरहून धरमपेठेपर्यंत दुपारी दोन वाजता ऑटोत बसलेलं बंद कॅरिअर भट्टीसारखं तापतं. स्कूटरच्या पायदानावर ठेवलेल्याला खालूनही झळ लागते. कॅरिअरवर पातळ ओलसर सुती कापड टाका, पण दोन बाजूंच्या जाळ्या उघड्या राहू द्या. मांजर तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं किंवा लाळ गाळू लागलं, तर उन्हाचा त्रास झालाय असं समजून लगेच सावली, वारा आणि डॉक्टर गाठा.

डिसेंबर-जानेवारीत उलटी काळजी. रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि भुलीनंतर मांजराला अंगातली ऊब टिकवता येत नाही. गरम पाण्याची पिशवी दोन पदरी टॉवेलमध्ये गुंडाळून अंथरुणाच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम वाटलं तर तिला सरकता येईल.

वेगळी खोली

मनीला आणायला निघण्यापूर्वीच खोली तयार हवी. परत आल्यावर कॅरिअर हातात धरून ‘आता हिला कुठे ठेवायचं?’ अशी चर्चा सुरू झाली की तेवढ्यात सोन्या पायांत येतो. सोन्याला आधीच दुसऱ्या खोलीत बंद करून मगच कॅरिअर घरात घ्या.

खोलीत एका कोपऱ्यात लिटर ट्रे आणि समोरच्या कोपऱ्यात पाणी. लपायला आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात तो जपून ठेवलेला तिसरा तुकडा. ऑपरेशन झालं असेल तर ट्रेच्या कडा तीन-साडेतीन इंचांपेक्षा उंच नकोत आणि पहिले काही दिवस वाळू-मातीच्या लिटरऐवजी फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे टाक्यांना कण चिकटणार नाहीत. खोलीत उंच कपाट किंवा ओटा असेल तर चढायचा मार्ग बंद करा. पलंगाखालची अडचणीची सांदी उशा कोंबून बुजवा, नाहीतर ती तिथे जाऊन बसेल आणि औषधाच्या वेळी ओढाताण होईल.

नागपूरच्या उन्हाळ्यात इथे एक पेच येतो. कूलर खिडकीतून हवा आत ढकलतो आणि ती हवा बाहेर जायला वाट लागते. खोलीचं दार बंद केलं की कूलर नुसता दमटपणा वाढवतो. म्हणून मनीची खोली निवडताना कूलरच्या खिडकीखेरीज जाळी लावलेली आणखी एखादी खिडकी असलेली खोली निवडा. कूलरचा झोत थेट तिच्या अंथरुणावर नको. भुलीनंतर ओला गार वारा बाधतो. झोत आतल्या दाराकडे वळवला, तर मनीचा दवाखान्याचा वास दाराखालच्या फटीतून सोन्यापर्यंत सारखा जात राहतो. पहिल्या दिवशी ते टाळा. फटीला ओढणी किंवा टॉवेल लावा.

फरशी पुसायला फिनाईल आणि डेटॉलसारखी पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी जंतुनाशकं वापरू नका. मांजराचं यकृत त्यातले फिनॉल जातीचे पदार्थ नीट निचरू शकत नाही, आणि पंजाला लागलेलं ते चाटूनच पोटात घेतं. शिवाय त्यांच्या वासात घराचा वास बुडून जातो. साधा सौम्य साबण आणि गरम पाणी पुरेसं. अगरबत्ती, धूप, कापूर आणि रूम फ्रेशनर त्या आठवड्यात बंद. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही हलवा, त्या विषारी असतात.

पहिले 24 तास

कॅरिअर खोलीत ठेवा, दार लावा, दिवा मंद करा, झिप उघडा आणि मागे सरका. ती बाहेर येईल तेव्हा येईल. पहिलं खाणं डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी आणि नेहमीच्या पाव हिश्श्याएवढं. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात.

दवाखान्यात घातलेले कपडे लगेच बदला, हात साध्या साबणाने धुवा आणि मगच सोन्याकडे जा. ही पायरी जवळपास सगळेच विसरतात. मनीला उराशी धरून आणलेला शर्ट अंगात घालून सोन्याला जवळ घेतलं की तो तुमच्यावरच फिस्कारतो. मग ‘हा आता आमच्याशीही बिघडला’ असं घरात वाटायला लागतं.

मनीला आंघोळ घालू नका. त्याने दवाखान्याचा वास जातो, पण तिचा स्वतःचाही जातो आणि जखम भिजते. फार वाटलं तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पाठ आणि पाय हलकेच पुसा, टाक्यांपासून चार बोटं लांब राहून. दोघांच्या अंगाला एकच टाल्कम पावडर किंवा व्हॅनिलाचं पाणी लावायचा सल्ला ऐकायला मिळतो. तो मानू नका. अंगावरचं सगळं चाटूनच पोटात जातं, पावडर श्वासातही जाते, आणि वर आणखी एक परका वास चढतो.

वासाची देवाणघेवाण

मनी पोटभर खाऊ लागली, ट्रे वापरू लागली आणि अंगावर कॉलर किंवा सूट नसेल तर स्वतःला चाटू लागली की हे काम सुरू करायचं. त्याआधी नाही. स्वतःला चाटणं म्हणजे ती आपला वास आपल्या अंगावर परत बसवते आहे.

एक स्वच्छ सुती मोजा हातात चढवा. सोन्या आनंदात असताना त्याचे गाल, हनुवटी आणि कानापुढची पातळ केसांची जागा हळूहळू चोळा, मिनिट-दीड मिनिट. मोजा मनीच्या खोलीत जमिनीवर ठेवा. तिच्या अंथरुणात किंवा वाटीजवळ नको, कारण ती जागा तिची आहे. तिथे नको असलेला वास आला तर ती जागाच सोडते. दुसरा मोजा मनीच्या गालावर चोळून सोन्याच्या वाटेत ठेवा.

आता लांब बसून नुसतं बघा. सोन्या मोज्यापाशी येईल. नाक टेकवेल, कदाचित तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ किंचित वर ओढून काही क्षण तसाच थांबेल. अनेकांना तो राग वाटतो. तो राग नाही. टाळूतल्या खास इंद्रियापर्यंत वास नेऊन तो निरखून बघतोय. त्यानंतर काय करतो तेच महत्त्वाचं. वळून निघून गेला, बाजूला बसून अंग चाटू लागला किंवा मोज्यालाच गाल घासला, तर पुढे जायला हरकत नाही. फिस्कारला किंवा पंजा मारला, तर मोजा आणखी चार फूट लांब सरकवा आणि शेजारी खाऊचे दोन-तीन दाणे टाका. मोज्यावर फिस्कारणारं मांजर मांजरावर फिस्कारणारच. मोजा शांतपणे हुंगून होईपर्यंत पुढची पायरी नाही.

दिवसातून दोन-तीनदा असं करा. दोन दिवसांनी दोघांना एकाच मऊ ब्रशने विंचरायला लागा: आधी सोन्या, लगेच मनी, मग उलट. ऑपरेशन झालं असेल तर पोट सोडून फक्त डोकं आणि खांदे. त्यानंतर खोल्यांची अदलाबदल. सोन्याला मनीच्या खोलीत अर्धा तास, मनीला तेवढ्यात बाकीच्या घरात, समोरासमोर न येऊ देता. मनी घरभर फिरून चौकटींना गाल घासते, तेव्हा पुसट झालेली हजेरी ती पुन्हा लावते.

फेरोमोनचा डिफ्यूझर (मांजरांना शांत करणाऱ्या, त्यांच्याच वासासारख्या रसायनाचा हवेत सोडणारा) प्लगमध्ये लावायचा असेल तर अनेक मांजरांच्या घरासाठी असलेला प्रकार घ्या आणि शक्यतो मांजर परत येण्यापूर्वीच, दोघांचा जास्त वावर असलेल्या खोलीत लावा. काही घरांत उपयोग होतो, काहींत फरक दिसत नाही. कूलर चालू आणि खिडक्या उघड्या असतील तर बराचसा उडून जातो, म्हणून भर उन्हाळ्यात त्यावर पैसे घालवावेत असं आम्हाला वाटत नाही.

दाराच्या दोन बाजूंना जेवण

दिवसाचं खाणं चार भागांत वाटा आणि त्यातली दोन जेवणं बंद दाराच्या दोन बाजूंना द्या. त्या वेळी एरवीपेक्षा चविष्ट काहीतरी हवं. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन चमचाभर चालतं. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. सुरुवातीला दोन्ही वाट्या दारापासून चार-पाच फुटांवर. दोघंही खाली मान घालून, मधेच थांबून दाराकडे न बघता खात असतील, तर पुढच्या जेवणाला वाटी एक वीत पुढे. कुणी घाईघाईने गिळलं किंवा खाता खाता कान मागे वळवले, तर एक वीत मागे.

वाट्या दाराला टेकायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दहा. इथे चिकाटी लागते आणि माणसांचीच आधी संपते.

जाळीतून नजरभेट

नागपुरात डासांमुळे बऱ्याच घरांत लाकडी दाराच्या जोडीला जाळीचं दार असतं. या कामाला ते अगदी जमून येतं. जाळी लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची हवी. नायलॉनची असेल तर नख्यांनी फाटते. जाळीचं दार नसेल तर सुताराकडून चौकटीत बसणारी जाळीची फ्रेम करून घ्या, किंवा दार दोन बोटं उघडं राहील असं दोन्ही बाजूंनी दोरीने पक्कं बांधा. डोकं शिरेल एवढी फट कधीही नको.

जाळीवर आधी जुनी चादर टांगून ती पूर्ण झाका. वाट्या पुन्हा चार-पाच फूट मागे. पहिल्या जेवणाला चादर खालून चार इंच वर गुंडाळा, म्हणजे एकमेकांचे फक्त पाय दिसतील. दुसऱ्या दिवशी फूटभर, मग अर्धी, मग पूर्ण. पहिल्या भेटी दोन-तीन मिनिटांच्या, दिवसातून दोनदा. सगळं शांत असतानाच चादर खाली सोडायची. ‘छान चाललंय, आणखी थोडा वेळ’ असं म्हणत ताणलं की शेवटी कुणीतरी गुरकावतं आणि दिवसाचा शेवट त्या गुरकावण्याने होतो.

एखादं फिस्कारणं म्हणजे संकट नाही. ‘लांब राहा’ असं सांगायची ती पद्धत आहे, आणि समोरचा ऐकून बाजूला झाला तर संवाद नीट चाललाय. खरी काळजी करायची ती रोखून, पापणी न हलवता बघत बसण्याची. अंग जमिनीला लागलेलं, शेपटीचं टोक तेवढं हलतंय, आवाज काहीच नाही. असं दिसलं की मधे पुठ्ठा धरून नजर तोडा. डोळे हळूच मिटून उघडणं, मान वळवणं, कुशीवर पसरणं ही समेटाची लक्षणं.

एका खोलीत

टाके निघाले, डॉक्टरांनी कॉलर काढली, जाळीतून 15-20 मिनिटं सलग शांतता राहिली की मगच. घरातली दोन माणसं लागतात, एकेका मांजरामागे एक. दोघांचीही नखं आदल्या दिवशी टोकापुरती कापून घ्या. खोलीत दोन्ही बाजूंना निसटायला वाट हवी आणि एखादी उंच जागाही. माळा, कपाटाचं डोकं, काहीही. दार बंद करून दोघांना कोंडलं तर पळता न आल्यानेच भांडण पेटतं.

आधी काठीला बांधलेल्या दोरीने दोघांना वेगवेगळं खेळवून दमवा, मग एकाच खोलीत सात-आठ फुटांवर जेवण द्या. खाऊन झालं की मनीला तिच्या खोलीत परत. पहिले दोन दिवस एवढंच, मग अर्धा तास, मग तुम्ही घरात असताना दिवसभर. तीन-चार दिवस सलग पाठलाग किंवा वाट अडवणं दिसलं नाही की रात्रीही एकत्र सोडा. मांडीवर धरून नाकाला नाक लावून द्यायचा मोह आवरा. धरलेल्या मांजराला पळता येत नाही, मग ते तुमच्याच दंडावर नख्या रोवतं.

बोक्याची नसबंदी झाली असेल आणि घरात नसबंदी न झालेली मांजरी असेल, तर आणखी एक ध्यानात ठेवा: ऑपरेशननंतरही काही आठवडे बोक्यापासून पिल्लं राहू शकतात. दोघांना कधी एकत्र सोडायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

भांडण पेटलंच तर

हात मधे घालू नका. ओरडू नका, पाणी मारू नका, मारू तर मुळीच नका. तो धसका ती दोघं एकमेकांच्या नावावर जमा करतात. मोठा पुठ्ठा किंवा सोफ्याची गादी दोघांच्या मधे सरकवा, नाहीतर एकावर गोधडी टाका आणि त्याला ढकलत जवळच्या खोलीत न्या. यासाठी त्या दिवसांत मोठा पुठ्ठा हाताशी उभा करूनच ठेवा. खोलीत अंधार, पाणी, ट्रे, आणि माणसांनी आत जायचं नाही. भडकलेलं मांजर शांत व्हायला काही तास लागतात, कधी पुरता दिवस. तोवर जो जवळ जाईल त्याच्यावर राग निघतो. दोघांच्या अंगावर, विशेषतः मानेला आणि शेपटीच्या मुळाशी, दाताच्या बारीक खुणा शोधा. वरून टाचणीएवढी दिसणारी जखम आत पू धरते.

माणसाला चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, हाताला जंतुसंसर्ग झपाट्याने होतो, आणि रेबीजच्या लसीचंही विचारायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून एक पायरी नव्हे, दोन पायऱ्या मागे जा.

न दिसणारी भांडणं

आवाज नाही म्हणजे पटलं, असं नसतं. सोन्या ट्रेच्या वाटेवर नुसता आडवा पसरतो आणि मनी दिवसभर लघवी धरून बसते किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात करते. घरचे म्हणतात मनीला वाईट सवय लागली. दोन मांजरांना तीन ट्रे हवेत आणि तेही तीन जागी. ओळीने शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे साधारण 55-60 सेंटिमीटर हवा. पाणी आणि खाणंही दोन वेगळ्या जागी, जिथून दुसरं मांजर दिसणार नाही.

आणि एक गोष्ट बघताक्षणी धावपळ करण्यासारखी आहे. ताणाखाली असलेला बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबभरच लघवी येतेय किंवा येतच नाही, तर मूत्रमार्ग तुंबला असू शकतो. त्याला रात्रीच डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका. कुठलंही मांजर 24 तास काहीच खात नसेल तरी डॉक्टरांना फोन करा. महिनाभर पायऱ्या नीट पाळूनही हल्ले थांबत नसतील, तर दोघांचीही तपासणी करून घ्या, हल्ला करणाऱ्याची आधी. दात किंवा सांधे दुखत असणारं मांजरही असंच चिडतं, आणि गरज पडली तर काही महिने द्यायचं औषध डॉक्टर सुरू करू शकतात.

सगळं सुरळीत झालं की कॅरिअर माळ्यावर टाकू नका. गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, दोघांच्या चादरीचा तुकडा आत घालून हॉलमध्येच उघडं राहू द्या. पुढच्या लशीच्या वेळी आठवडाभराची तयारी आधीच झालेली असेल.